डाव्या पायाचा हुंकार

अंबिका येमूल कापडातला दोष बोटांनी ओळखायची. सोलापूरच्या एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात पूर्वी चादरी आणि टॉवेल निघायचे, तिथे आता 'जाणतं कापड' निघत होतं आणि त्याच्या तपासणीच्या टेबलावर ती नऊ वर्षं बसत होती.

जाणतं कापड हाताला साध्या सुतीसारखंच लागतं. फरक एवढाच, की त्यातल्या दर आठव्या दोऱ्यावर कार्बनचा लेप असतो. दोरा ताणला गेला की त्यातून वाहणारी वीज किंचित बदलते, आणि काठाला शिवलेली नखाएवढी चकती तो बदल टिपते. उभे-आडवे असे हजारो दोरे मिळून कापडाला कळतं, की आपल्यावर कोण, कुठे आणि किती जोराने टेकलं आहे. त्याचा नकाशा पडद्यावर दिसतो. ताण आला तिथे केशरी ठिणगी, बाकी सगळं निळं. एखादा दोरा आतून तुटलेला असेल, तर ठिणग्यांच्या मधोमध एक निळा पट्टा तसाच पडून राहतो. असा पट्टा शोधणं हेच अंबिकाचं काम.

कारखान्यातून हे कापड गाद्यांना जायचं, चाकाच्या खुर्च्यांना जायचं, पण सगळ्यात जास्त जायचं ते बाउन्सरना, म्हणजे तान्ह्या बाळांना डोलवणाऱ्या खुर्च्यांना. त्यामुळे तिथे एक रीत होती. कामगाराच्या घरी बाळ येणार असेल, तर एक बाउन्सर कारखान्याकडून भेट. सातव्या महिन्यात अंबिका आणि तिचा नवरा नरहरी तो निवडायला भांडारात गेले, तेव्हा टेबलावर दोन नमुने शेजारी शेजारी ठेवले होते.

पहिल्याचं नाव 'निवांत'. बाळ रडायच्या पाऊण मिनिट आधी त्याच्या श्वासात आणि पाठीत बारीक बदल होतात, ते हा ओळखायचा आणि रडू फुटायच्या आतच डोलायला लागायचा. दुसऱ्याचं नाव 'हुंकार'. हा स्वतःहून कधीच हलायचा नाही. बाळाने पाय झाडला, तरच वर उचलायचा. जेवढं बाळ हलेल, तेवढाच.

"म्हणजे हा आळशी," नरहरी हसून म्हणाला. तो सौरपंप दुरुस्त करायचा, त्यामुळे कुठलंही यंत्र दिसलं की आधी उलटं करून खालून बघायचा. "आपण कशाला आळशी न्यायचा? निवांतच घेऊ."

अंबिकाला वेगळं वाटायचं काही कारण नव्हतं. दोघांची ओळख शाळेपासूनची, बोलणं एकेरीतलं, आणि अशा बाबतीत दोघांचं सहसा जमायचं.

घरी गेल्यावर तिच्या सासूबाईंनीही पसंती दिली. घरात तेलुगू आणि दारात मराठी बोलणारं हे पद्मशाली विणकर कुटुंब. सासूबाईंना सगळे अत्तम्मा म्हणत. त्यांनी बाउन्सर हलवून पाहिला. "आमच्या वेळी मागाच्या दांडीला झोळीची दोरी बांधायचो. माग चालला की झोळी हलायची. चार पोरं तशीच वाढवली. हा तसलाच आहे की."

मुलगी झाली. नाव ठेवलं शर्वाणी. सहाव्या आठवड्यापासून ती जागेपणी निवांतमध्ये बसू लागली आणि घरात एक नवल घडलं. मूल रडेना. भूक लागली की तेवढी कुरकुरायची, बाकी दिवसभर डोळे उघडे ठेवून डोलत राहायची. शेजारच्या बायका तेवढ्यासाठी बघायला यायच्या. नरहरी कामावरून आला की तिच्यासमोर मांडी घालून बसायचा. "बघ, कशी देवासारखी बसलीय," म्हणायचा.

शर्वाणी अकरा आठवड्यांची झाली तेव्हा एका सकाळी अंबिकाला कारखान्याची आठवण आली. बाळंतपणाच्या रजेवर असली तरी फोनवर तपासणीचा नकाशा उघडायची सोय तिच्याकडे होती. सहज, हौस म्हणून, तिने बाउन्सरचं कापड फोनला जोडलं. आपल्या लेकीचा नकाशा कसा दिसतो ते बघावं म्हणून.

पडद्यावर ठिणग्या नाचत होत्या. मानेखाली, खांद्यांखाली, उजव्या टाचेखाली. अंबिका हसली. मग तिचा हात थांबला. खाली डावीकडे निळा पट्टा होता.

दोरा तुटलाय, तिच्या मनात आलं. आपल्याच हातून निसटलेला दोष! शर्वाणीने जोरात अंग झाडलं की तिथेही एकदम केशरी उमटायचं, पण ती शांत पडली की उजवीकडे बारीक बारीक ठिणग्या चालू राहायच्या आणि डावीकडे सगळं निळं.

तिने शर्वाणीला उचलून अत्तम्मांकडे दिलं. रिकाम्या कापडावर, बरोबर त्या जागी, करंगळीचं टोक टेकवलं. ठिणगी उमटली. नख फिरवलं, तर नखामागे केशरी रेघ धावली. तिने एक केस तोडून तिथे टाकला आणि फुंकर मारली. केस सरकला तसा नकाशा लुकलुकला.

कापडात दोष नव्हता.

अत्तम्मांनी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "अत्तम्मा, तिला पुन्हा ठेवा इथे. आणि तिचा डावा पाय बघा. नुसता बघत राहा."

अत्तम्मांनी पाहिलं. चार मुलं वाढवलेली बाई. पाच मिनिटांनी त्यांनी पदर तोंडावर धरला.

डॉ. सुगंधा हत्तुरे तान्ह्या बाळांच्या वाढीच्या डॉक्टर होत्या. त्यांनी शर्वाणीला तपासलं, अंबिकाने साठवून आणलेला नकाशा तीनदा पाहिला, मेंदूचा फोटो काढून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी दोघांना समोर बसवलं.

"तीन महिन्यांच्या बाळाची एक चुळबुळ असते," त्या म्हणाल्या. "मनगटं, घोटे, मान, सारखं काहीतरी बारीक हलत असतं. आपल्याला वाटतं, उगीच. उगीच नसतं ते. मेंदू आपलं शरीर चाचपून बघत असतो. शर्वाणीच्या डाव्या पायात ती चुळबुळ नाही. ती पोटात असताना, जन्माच्या बरंच आधी, मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका बारीक शिरेत रक्त साकळलं. तुमच्या कुणाच्या चुकीने नाही. ते कळायला काही मार्गही नव्हता."

"म्हणजे पाय..." नरहरी म्हणाला.

"अंबिका, तुम्ही दोऱ्यातल्या माणूस आहात, म्हणून तशीच सांगते. पायाकडे निरोप नेणारे दोरे मेंदूतून येतात. जन्मताना ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. पुढच्या काही महिन्यांत ज्या दोऱ्यावरून निरोप जातो, तो पक्का होतो. ज्यावरून जात नाही, तो मेंदू स्वतःच उसवून टाकतो. शर्वाणीचे त्या बाजूचे बरेच दोरे गेले आहेत. पण थोडे शिल्लक आहेत. त्यांच्यावरून इतका क्षीण निरोप जातो, की पाय हलत नाही. पाय हलत नाही म्हणून मेंदूला वाटतं, या दोऱ्याचा उपयोग नाही."

"आणि मग तो उसवतो," अंबिका म्हणाली.

"हो. आपल्याकडे दोन महिने आहेत. जास्तीत जास्त अडीच."

उपाय ऐकून नरहरी चक्रावला. उपाय म्हणजे तो आळशी बाउन्सर. हुंकार आणायचा. त्याची इतर सगळी उत्तरं बंद करायची. शर्वाणीच्या डाव्या मांडीला जाणत्या कापडाचा एक मऊ पट्टा बांधायचा. पाय हलायच्या आधी स्नायू किंचित आवळतो. डोळ्यांना दिसणार नाही, हाताला कळणार नाही, पण कापडाला कळेल. तेवढं झालं, की बाउन्सरने तिला वर उचलायचं. फक्त तेव्हाच. दिवसातून चार वेळा, वीस-वीस मिनिटं.

"आणि निवांत?"

"तो बंद. तो वाईट नाही. पण तिने काही करायच्या आधीच तो उत्तर देतो. तिला प्रश्नच पडू देत नाही." डॉक्टर नरहरीकडे वळल्या. "ती रडेल. दोन मिनिटांपेक्षा जास्त रडली तर उचलून घ्या, छातीशी धरा, शांत झाली की पुन्हा ठेवा. आणि गुण येईलच, असं मी म्हणत नाही."

ती रडली. सहा आठवडे रडणं विसरलेली मुलगी आता साठलेलं सगळं रडत असावी, तशी. हुंकार तिच्याखाली दगडासारखा स्थिर. उजवा पाय झाडझाड झाडायची, काही व्हायचं नाही. अंबिका समोर बसून फोनवरचा नकाशा बघायची. डावीकडे निळं. दोन मिनिटं झाली की उचलायची, थोपटायची, पुन्हा ठेवायची. पुन्हा निळं.

आधी कौतुक करायला येणाऱ्या शेजारणी आता दारातून विचारू लागल्या, "पोरीला बरं नाही का?" तिसऱ्या दिवशी अत्तम्मा म्हणाल्या, "लेकराला रडवायचं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं." पण त्या उठून गेल्या नाहीत. बाउन्सरशेजारी चटई टाकून बसल्या आणि वीस मिनिटं शर्वाणीचा हात हातात धरून "बंगारू, माझं बंगारू," म्हणत राहिल्या. बंगारू म्हणजे सोनं.

बाराव्या दिवशी दुपारी अंबिका औषधं आणायला गेली होती. परत आली तर घर शांत. शर्वाणी निवांतमध्ये डोलत होती आणि नरहरी समोर मांडी घालून बसला होता.

"किती वेळ झाला?" तिने विचारलं.

"अर्धा तास."

"नरहरी, आपलं ठरलं होतं."

"तिला शांत बघायला मला आवडतं. हा गुन्हा आहे का?"

"तिचा पायसुद्धा शांतच आहे."

तो उठला. आवाज चढवला नाही, उलट खाली गेला. "आणि काही झालंच नाही तर? दोन महिने पोरगी रडत राहिली, आणि पाय तसाच राहिला तर? उद्या ती विचारेल, बाबा, मी लहान असताना तुम्ही काय केलं? मी काय सांगू? तुला रडू दिलं?"

अंबिकाने निवांतचा खटका बंद केला, शर्वाणीला उचललं आणि पलंगावर बसून राहिली. नरहरी गच्चीवर गेला. दोन दिवस दोघं मुलीच्या दुधाशिवाय आणि कपड्यांशिवाय कशाबद्दलच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याने निवांतची मोटर काढली, कागदात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे. माझ्याच्याने राहवणार नाही," एवढंच म्हणाला.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी साडेनऊला शर्वाणी हुंकारमध्ये होती. रडत होती. अत्तम्मा तिच्या शेजारी, अंबिका फोन घेऊन समोर. नरहरी स्वयंपाकघरात डबा भरत होता.

नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात एक ठिणगी उमटली. केस सरकल्यावर उमटली होती, तेवढीच.

आणि बाउन्सर वर गेला. फार नाही, दोन बोटं. हळूच वर गेला आणि खाली आला.

शर्वाणीचं रडणं मध्येच तुटलं. तोंड उघडंच राहिलं. डोळे मोठे झाले. ती अशी स्तब्ध झाली, की तिचा श्वास चालू आहे ना, ते अंबिकाने आधी पाहिलं.

रडणं थांबलं म्हणून नरहरी धावत आला. "काय झालं?"

"गप्प," अत्तम्मा म्हणाल्या.

कुणीच हललं नाही. अकरा सेकंद गेले. नंतर नकाशात मोजले म्हणून कळलं, नाहीतर तो सगळा वेळ कुणी मोजू शकला नसता. मग पुन्हा ठिणगी. पुन्हा बाउन्सर दोन बोटं वर, आणि खाली.

नरहरी गुडघ्यावर बसला. "पाय तर हलला नाही," तो कुजबुजला. "वायर सैल झालीय का?" त्याने हात खाली घालून तपासलं. सगळं घट्ट होतं.

तिसऱ्यांदा. ठिणगी, वर, खाली.

आणि मग शर्वाणीने काहीच केलं नाही. उजवा पाय झाडला नाही, हात हलवले नाहीत. श्वास चालू, डोळे समोर, आणि सगळं अंग थांबलेलं. तीन मोठी माणसं आणि एक तान्ही मुलगी, चौघंही जणू एकाच गोष्टीकडे कान लावून बसली होती. अर्धं मिनिट. बाउन्सर जागचा हलला नाही.

मग ठिणगी. या वेळी मोठी. बाउन्सर वर गेला, आणि शर्वाणीच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो रडण्याचा नव्हता, हसण्याचाही नव्हता. तसा आवाज तिने त्याआधी कधी काढला नव्हता.

अत्तम्मांनी दोन्ही हात जोडले. कुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नरहरी खाली बसला तो उठेचना. त्याचा डबा ओट्यावर तसाच उघडा होता.

"अंबिका," तो म्हणाला, "तिला कळलं."

त्याच दिवशी दुपारी डॉ. हत्तुरेंनी तो चार मिनिटांचा नकाशा पडद्यावर लावला. सुरुवातीच्या तीन ठिणग्या त्यांनी मान डोलावत पाहिल्या. मग ते रिकामं अर्धं मिनिट आलं, निळंच निळं, आणि त्या पुढे वाकल्या.

"हे बघा. सगळे ठिणग्यांकडे बघतात. मी याची वाट बघत असते."

"इथे तर काहीच नाहीय," नरहरी म्हणाला.

"इथेच तर आहे. तीनदा तिने पाय आवळला आणि तीनदा जग हललं. मग ती मुद्दाम थांबली. मी काही केलं नाही, तरी हलतं का? ते तिने पाहिलं. हललं नाही. मग पुन्हा केलं. हललं." त्यांनी चष्मा काढला. "ती पडताळा घेत होती."

"पंधरा आठवड्यांची आहे ती," अंबिका म्हणाली. "तिला मानसुद्धा नीट धरता येत नाही."

"हो. आतापर्यंत मी अशी एकसष्ट बाळं पाहिली. कुणी दोनदा करून थांबतं, कुणी पाचदा. पण थांबतंच. आम्हाला कापडामुळे हे आत्ता दिसायला लागलं, पण ते होतच असणार, पहिल्यापासून, प्रत्येक घरात. बोलता येण्याच्या आधी, बसता येण्याच्या आधी, स्वतःचं नाव कळण्याच्या आधी माणूस जगाला विचारतं, हे माझ्यामुळे झालं का? आणि उत्तर मिळेपर्यंत श्वास धरून थांबतं." त्या जराशा हसल्या. "एकसष्ट वेळा पाहिलं. अजून सवय होत नाही."

परतताना रिक्षात शर्वाणी नरहरीच्या मांडीवर होती. वाटेत सगळीकडे तेच रस्ते, तीच दुकानं, दुभाजकावर वाळत घातलेल्या तशाच चादरी. पण अंबिकाची नजर पुन्हा पुन्हा माणसांच्या कडेवरच्या मुलांकडे जात होती. एका बाईच्या खांद्यावरून एक बाळ मागे बघत होतं, मूठ उघडत होतं आणि मिटत होतं. उघडत होतं, मिटत होतं. बाई फोनवर बोलत होती. अंबिकाला वाटलं, रिक्षा थांबवावी आणि तिला सांगावं. काय सांगायचं ते मात्र सुचेना.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. दुसऱ्या दिवशी तीन ठिणग्या आल्या, तिसऱ्या दिवशी एकही नाही. मग आठ. मग चाळीस. दर आठवड्याला डॉक्टर हुंकारला थोडा बहिरा करायच्या. आधी ज्या ठिणगीवर तो उठायचा, तिच्यावर आता उठायचा नाही, शर्वाणीला जरा जास्त आवळावं लागायचं. ती चिडायची. लाल व्हायची. आणि करायची. उपायाच्या पाचव्या आठवड्यात डाव्या पायाचा अंगठा हललेला अत्तम्मांना नुसत्या डोळ्यांनी दिसला. त्या दिवशी त्यांनी शेजारच्या साऱ्या बायकांना बोलावलं. कुणाला काही दिसलं नाही, पण सगळ्या "हलला, हलला," म्हणाल्या.

नरहरीने कामाच्या वेळा बदलून घेतल्या. सकाळची वीस मिनिटं त्याची. तो आता समोर मांडी घालून बसायचा नाही. जमिनीवर आडवा पडून तिच्या पायाच्या पातळीवर डोळे आणायचा. ती रडली की दोन मिनिटं थांबणं अजूनही त्याला जड जायचं. घड्याळाकडे बघत तो ओठ चावायचा. पण थांबायचा.

शर्वाणीच्या सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी हुंकार बंद करायला सांगितला. "आता जमीन. यापुढे हे काम यंत्राचं नाही." पाय उजव्यासारखा होणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बुटात आधाराची पट्टी लागेल, पळताना पाय जरा मागे राहील. पण ती चालेल. पट्टा काढताना अंबिकाने पाहिलं, मांडीवर त्याचा फिकट वळ उठला होता.

शर्वाणी एका कुशीवर वळायला आधीच शिकली होती, पण फक्त डावीकडे, कारण तिकडे वळताना चांगला पाय अंगावरून टाकता यायचा. उजवीकडे वळायचं, तर डावा पाय उचलून पलीकडे न्यायला हवा.

जमिनीवरच्या चौथ्या दिवशी, टळटळीत दुपारी, तिघं जेवून उठत होती. शर्वाणी चटईवर उताणी होती. तिने डावा पाय उचलला. तो थरथरला, पडला. पुन्हा उचलला. पडला. तिसऱ्यांदा तो वर गेला, हवेत अडखळला, आणि स्वतःच्याच वजनाने पलीकडे कलंडला, आणि त्याच्यामागून शर्वाणी सगळीच्या सगळी चटईवरून खाली शहाबादी फरशीवर पालथी पडली.

उजवा हात अंगाखाली अडकला. ती कण्हायला लागली. नरहरी पुढे झाला. अंबिकाने त्याचं मनगट धरलं. तो थांबला. तिने धरलं नसतं तरी थांबला असता, असं त्याने नंतर सांगितलं. अंबिकाने त्यावर वाद घातला नाही.

शर्वाणीने अंग इकडे-तिकडे केलं, जोर लावला, आणि हात बाहेर ओढला. मान उचलली. समोर तीन माणसं खरकट्या हातांनी उभी होती. तिने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग मान खाली घातली. नाकाशी काळपट, गार फरशी होती, आजवर कधी इतक्या जवळून न पाहिलेली.

तिने फरशीवर तळहात आपटला, आणि थांबली.

फरशी हलली नाही. शर्वाणी तरीही थांबून राहिली, डोळे फरशीवर रोखून. मग तिने पुन्हा हात उचलला.